काकासाहेबांचा फोन

गंगापूरच्या बाजूच्या त्या गावात काकासाहेबांचा फोन म्हणजे लई मोठी गोष्ट. गावातला कुणीही मोटारसायकलवर शहराकडं निघाला अन् चौकात पोलिसानं शिट्टी मारली की तो खाली उतरायच्या आधी खिशातून मोबाइल काढायचा. नंबर लावायचा अन् फोन थेट पोलिसाच्या कानाला. "घ्या साहेब, बोला. आमचे काकासाहेब आहेत." मग काकासाहेब घरी ओट्यावर बसल्या बसल्या खाकरून म्हणायचे, "नमस्कार, काकासाहेब बोलतो. आपला माणूस आहे. सांभाळून घ्या." पलीकडून "हो हो" यायचं. झालं काम. संध्याकाळी पारावर तो माणूस भेटला की काकासाहेब विचारायचे, "सुटला ना रे?" तो म्हणायचा, "तुमचा फोन म्हटल्यावर!"

काकासाहेब कधीकाळी गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, एवढीच त्यांची सत्ता. पण चेअरमनकी गेली तरी फोन राहिला, अन् माणसाला म्हातारपणी एवढं पुरतं. त्यांना वाटायचं, आपण आहोत म्हणून गावाची अब्रू रस्त्यावर जात नाही.

त्या दिवशी ते धाकट्या लेकीच्या, गोदावरीच्या मागं स्कूटीवर बसून शहरात निघाले होते. गोदाची कोर्टातल्या कारकुनीची परीक्षा होती. तिसऱ्यांदा देत होती, अन् वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. दहाला दरवाजा बंद, नंतर आलेल्याला देवसुद्धा आत घेणार नाही, असं त्यांनीच वाटभर दोनदा म्हणून दाखवलं होतं. पोरगी रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकत होती. वाळूज मागं पडलं, गर्दी लागली, तरी वेळ हातात होता.

निघताना तिनं दुसरं हेल्मेट पुढं केलं होतं. "तात्या, घाला. मागच्यालाही लागतं."

"टोपीवर हे बोचकं? सर्कशीत निघालो काय मी?" असं म्हणून त्यांनी ते डिक्कीत टाकलं अन् डिक्की आपटून लावली.

शहरात शिरतानाच्या चौकात शिट्टी वाजली. हवालदार सावलीतून आला, वाकला अन् स्कूटीची चावी काढून खिशात घातली.

"म्हाताऱ्याचं हेल्मेट कुठंय?"

"डिक्कीत आहे," गोदा म्हणाली.

"दाखव."

"डिक्कीची चावी तुमच्या खिशात आहे."

हवालदाराला ते आवडलं नाही. काकासाहेबांना मात्र हसू आलं. किरकोळ गोष्ट होती, त्यांच्या हातातली. आज तर फोनचीसुद्धा गरज नव्हती, माणूस खुद्द हजर होता. ते उतरले, टोपी सारखी केली, खाकरले.

"नमस्कार. मी काकासाहेब. गंगापूरकडचा."

हवालदारानं मान वर केली. "अरे! काकासाहेब! आवाजावरूनच ओळखलं की."

काकासाहेबांची छाती भरून आली. लेकीकडं त्यांनी अशी नजर टाकली, की बघ, बापाला शहरात काय ओळखतात ते. "पोरीचा पेपर आहे. दहाला दरवाजा लागतो. सांभाळून घ्या."

"घेतो ना. नेहमी घेतोच." हवालदार हसला. "पद्धत तर तुमच्या माणसांना माहीत आहे."

"कोणती पद्धत?"

"विचारा गावात," तो म्हणाला अन् दुसऱ्या गाडीकडं वळला. चावी खिशातच.

काकासाहेब तिथंच उभे राहिले. चेष्टा करतो आहे, असं त्यांना आधी वाटलं. मग तो लवकर परत येईना, तेव्हा कळलं की हा थांबला आहे. आपण काय काढतो त्याची वाट बघतो आहे. कान तापले त्यांचे. जन्मात कधी पोलिसाला काही दिलं नव्हतं. आपला शब्द चालतो, देतो कशाला, याच तोऱ्यात सगळी वर्षं गेली होती. पण घड्याळ पुढं सरकत होतं, पोरीचं शेवटचं वर्ष होतं, अन् हेल्मेट नाकारलं होतं ते त्यांनीच. त्यांचा हात हळूहळू आतल्या खिशाकडं गेला.

"तात्या, हात काढा खिशातून," गोदा म्हणाली.

"अगं, दरवाजा लागंल!"

"पेपर माझा आहे. काढा हात."

ती स्कूटी स्टँडवर लावून हवालदाराकडं चालत गेली. हेल्मेट काढलं नाही, आवाज चढवला नाही. काकासाहेब मागं मागं गेले. पोरगी आता भांडणार अन् हा संध्याकाळपर्यंत बसवून ठेवणार, अशी धास्ती त्यांना लागली होती.

"साहेब, मागच्यानं हेल्मेट घातलं नाही, ही चूक आहे आमची," ती म्हणाली. "चलान करा. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स सगळं मोबाइलमध्ये आहे, सरकारी ॲपमधलं, ते चालतं. हे बघा. पण गाडीची चावी काढायचा नियम नाही. ती द्या."

"मला नियम शिकवते?"

"नाही. चावी मागते."

"दंड इथंच भरावा लागंल. रोख."

"ऑनलाइन भरता येतो. चलान गाडीच्या नंबरवर करा, मेसेज येईल, आम्ही भरू. नाहीतर कोणत्या नियमात गाडी अडवून ठेवली ते लिहून द्या. तेही नसंल तर मी इथूनच एकशे बाराला फोन लावते अन् तुमच्या छातीच्या पट्टीवरचं नाव सांगते."

आजूबाजूला दोन रिक्षावाले थांबले. एक जण म्हणाला, "बराबर बोल रही है लडकी." हवालदारानं त्याच्याकडं डोळे वटारले, मग गोदाकडं बघितलं. ती बाजूला झाली नाही. मोबाइल तिनं दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलेला काकासाहेबांना दिसला. तीही घाबरली होती तर. एवढं असून ती उभी होती, अन् आपण मघाशी खिसा चाचपत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

हवालदारानं मशीन काढलं. नंबरप्लेटचा फोटो घेतला, काकासाहेबांच्या टोपीचाही घेतला. चावी गोदाच्या हातावर ठेवली. गाडी काकासाहेबांच्या नावावर होती, म्हणून मेसेज त्यांच्याच खिशात वाजला. गोदानं डिक्की उघडली, हेल्मेट काढलं अन् पुढं धरलं. काकासाहेबांनी टोपी घडी करून खिशात घातली अन् हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा त्यांना लागेना, तो तिनंच लावून दिला.

परीक्षेच्या दारावरचा माणूस साखळी ओढत होता. गोदा पळत गेली, ओळखपत्र दाखवलं अन् आत शिरली. मागं वळून बघायलाही तिला फुरसत झाली नाही.

काकासाहेब समोरच्या लिंबाखाली टेकले. जीव भांड्यात पडला, पण चैन पडेना. पद्धत. विचारा गावात. तेवढ्यात फोन वाजला. गावातला फकिरा होता, दुधाच्या किटल्या घेऊन रोज शहरात येणारा.

"काकासाहेब, चौकात धरलं. फोन देतो साहेबाला, बोला जरा."

"थांब," काकासाहेब म्हणाले. "आधी तू बाजूला ये. एक खरं सांग. मी बोललो की तुला तसंच सोडतात का?"

फकिरा दुधाच्या किटल्यांचं काहीतरी सांगू लागला.

"पोराची शपथ घालू का?"

"आता काय सांगावं," फकिरा कुजबुजला. "तुमचा फोन झाला की ते म्हणत्यात, काकासाहेबांचा शब्द आम्ही राखला, आता तू आमचा राख. द्यावंच लागतं. वळखीचा म्हणून जरा जास्तच घेत्यात."

"सगळ्यांकडून?"

"व्हय."

"मग मला कामून नाय सांगितलं कुणी?"

"कसं सांगावं? तुम्ही पारावर इचारायचे, सुटला ना रे? लई खूश व्हायचे तुम्ही. कुणी फोन नाय केला तर रागवायचे. तुमचं तोंड बघून नाय म्हणवत नव्हतं कुणालाच."

काकासाहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गावाची अब्रू आपण राखतो, असं ते समजत होते. इतकी वर्षं गावच त्यांची राखत होतं, अन् तेही पदरमोड करून. खिशातली टोपी काढून त्यांनी डोळे टिपले. मग नाक पुसलं.

"तुझी चूक काय आहे?"

"लायसन घरी राहिलं."

"मोबाइलमध्ये घेतलंय का, सरकारी ॲपात?"

"पोरानं घालून दिलं होतं म्हणं."

"मग ते दाखव. त्यात नसंल तर चलान कर म्हण. रोख द्यायचं नाय. चावी काढली असंल तर परत माग, काढायचा त्याला नियम नाय. ऐकंना तर एकशे बाराला फोन लाव."

"तुम्ही बोलत नाय का साहेबाशी?"

"नाय. तू बोल. तुझी गाडी, तुझं तोंड."

"लई दंड लागला तर?"

"लागला तर भरू. त्याची पावती तर येईल. अन् संध्याकाळी पारावर ये, समद्यांना घेऊन ये. मला सांगायचंय."

"काय सांगणार?"

"की माझा फोन चालत नाय."

फकिरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "ते गावाला ठाऊक हाय, काकासाहेब."

"मला नव्हतं ना," काकासाहेब म्हणाले.