थोरल्याच्या वाट्याचं तेल

मी ट्रान्सफर केस बोलतेय. बघा, पडली ना कपाळाला आठी? गिअरबॉक्स बोलतोय असं म्हटलं असतं तर सरसावून बसला असतात. त्याला सगळं जग ओळखतं. मी त्याच्याच पाठीला बोल्टांनी आवळलेली, त्याच्याहून लहान लोखंडी पेटी. त्याच्याकडून येणारी ताकद मी पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. चिखल आला, खडा चढ आला की चारही चाकं माझ्या जिवावर ओढतात. पण हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि सांगितलं तरी कुणाच्या लक्षात राहत नाही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यातले. गाडीत आधी त्याला बसवलं, मग मला त्याच्या मागे. तेव्हापासून तो थोरला आणि मी धाकटी. सुरुवातीला रस्ते बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे आम्ही खडी-डांबरात लोळलो. नंतर दोघा भावांनी मिळून गाडी विकत घेतली. मोठा भाऊ चालवायचा. त्याची कंबर धरली, तशी त्याची बायको स्टिअरिंगवर बसली. तिला अख्खी वस्ती वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनीच म्हणते. खालच्या बाजारातून वरच्या वस्तीवर माणसं न्यायची, गॅसच्या टाक्या, सिमेंटची पोती, कधी नर्सबाई आणि तिची औषधांची पेटी. तिचं घर त्यावर चालायचं.

वहिनी गुणाची आहे, पण तिचा डावा हात दिवसभर थोरल्याच्या दांड्यावर. गप्पा मारताना नुसता अंगठा फिरवत बसायची त्याच्यावर. हिवाळ्यात मूठ गार लागते म्हणून तिने त्याला लोकरीचं टोपरं विणलं. निळं, वर पांढरा गोंडा. माझा दांडा तिथेच शेजारी, आखूड, मुठीवरची अक्षरं झिजून गेलेली. चिखल आला की मला खसकन ओढायची आणि चिखल संपला की ढकलून द्यायची, बस्स. सासूबाई बाजाराला आल्या तर माझ्या दांड्याला भाजीची पिशवी अडकवायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. विणताना उरलेल्या लोकरीचं काय केलं, हे विचारायची माझी फार इच्छा होती.

थोरल्याच्या आणि माझ्या मध्ये, आम्हाला आतून जोडणाऱ्या फिरत्या दांड्याभोवती, एक रबराचं कडं असतं. त्याला सील म्हणतात. त्याचं तेल त्याच्याकडे राहावं आणि माझं माझ्याकडे, एवढंच त्याचं काम. ते सील वयाने कडक झालं आणि एके दिवशी त्याची कड फाटली. थोरल्याचं तेल हळूहळू माझ्याकडे यायला लागलं. दोघांचं तेल एकाच डब्यातलं, त्यामुळे कुठलं कुणाचं हे कुणाला ओळखू येणार? मी तर ओळखलं. आणि खरं सांगू, मला ते गोड लागलं. जन्मभर सगळं त्याच्या वाट्याला. आता थोडं माझ्याकडे आलं तर बिघडलं कुठे? मी काही मागायला गेले नव्हते.

पण पेटीत मावणार तरी किती? मी काठोकाठ भरले आणि मागच्या बाजूने ठिबकायला लागले. ठिबकले ते नेमकं दिराच्या नव्या फरशीवर. वहिनीच्या दिराने सामाईक अंगणात नुकतीच पांढरी फरशी घातली होती. तो रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायचा. गाडीत त्याचा अर्धा हिस्सा होता.

"वहिनी, हे बघा काय झालंय," तो डागापाशी उकिडवा बसून म्हणाला. "ही गाडी आता विकू या."

"भाऊजी, मिस्त्रींना दाखवते. एकदा दुरुस्त होऊ द्या."

"दाखवा. पण पुन्हा थेंब दिसला तर मी ऐकणार नाही."

मिस्त्री गाडीखाली सरकला, बॅटरी मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत आहे. ही ट्रान्सफर केसच गळकी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं नाव घेतलं आणि तेही असं. त्याने माझं मागचं सील बदललं. थोड्या दिवसांत मी परत ठिबकले. त्याने पुन्हा तेच सील बदललं, वरून चिकटवायचं लुकण फासलं. जिथे थेंब पडतो तिथेच भोक असणार, एवढं सरळ त्याचं डोकं. थोरल्याखाली थेंब नव्हता, म्हणून त्याच्यात तेल किती आहे हे बघायचं कुणाला सुचलं नाही.

थोरला मात्र आतून आटत चालला होता. चढावर कण्हायला लागला. तर वहिनी काय म्हणाली? "दमलाय बिचारा." आणि वर टोपऱ्यावरून हात फिरवला. घ्या. मी ठिबकले तर गळकी, अवदसा. तो कण्हला तर बिचारा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फरशीवर पुन्हा डाग पडला तेव्हा दिराने गिऱ्हाईक शोधलं. डोंगरापलीकडे राहणारा कुणी कोंबड्यांची वाहतूक करणारा होता. गाडी दाखवायला न्यायची ठरली. वहिनीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नसावा, कारण सकाळी किल्ली लावताना तिची बोटं जड होती. सासूबाईही पुढे येऊन बसल्या. "माझ्या मुलाची गाडी आहे, शेवटचं बसू दे," म्हणाल्या. दीर मागे बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मला एवढंच कळत होतं की त्या माणसाकडे गेलो की आमच्यापुरती वहिनी संपली.

घाटाच्या मध्यावर थोरला किंचाळला. तिसरा गिअर गेला, मग वरचे सगळेच गेले. गाडी मागे घसरायला लागली. एका अंगाला दरी. सासूबाईंनी डॅशबोर्ड घट्ट धरला. वहिनीने ब्रेक दाबला, दुसऱ्या गिअरची खटपट करून तो कसाबसा बसवला आणि मग माझा दांडा धरला. मला लो मध्ये ओढलं. कमी वेगाची, जास्त जोराची ती माझी जागा. पण तिथे माझा दांडा थरथरून सुटत होता, म्हणून तिने तो सोडलाच नाही. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने मी. घाट चढून, पलीकडे उतरून, पायथ्याच्या गॅरेजच्या दारापर्यंत. तिच्या तळव्याला घाम आला होता. मी आयुष्यात एवढी सुखी कधीच नव्हते. शेजारी थोरला काय सोसत होता, ते मला ऐकूही आलं नाही.

गॅरेज त्याच मिस्त्रीच्या भावाचं होतं. निरोप गेला तसा आमचा मिस्त्रीही धावत आला. त्याने माझा तेल भरायचा बोल्ट काढला आणि तेल भसकन त्याच्या बाहीवर आलं.

"ही तर तुडुंब आहे," तो म्हणाला.

"मग इतके दिवस गळतेय ते काय?" वहिनीने विचारलं.

त्याने थोरल्याचा बोल्ट काढला. बोट घातलं. काळं, जळकं काहीतरी बोटाला लागलं, तेवढंच. त्याने ते फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "मधलं सील गेलंय. याचं सगळं हिच्यात गेलं. मी दोन्ही वेळेला हिच्याच मागे लागलो, वहिनी. चुकलं माझं."

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे हा उपाशी राहून हिला वाढत होता."

वाढत नव्हता हो. सील फाटलं होतं. पण माझं कोण ऐकणार?

आम्हाला वेगळं करून बाकावर समोरासमोर ठेवलं. मी त्याला समोरून कधी पाहिलं नव्हतं. दात तुटलेले, बेअरिंग निळी पडलेली, कवचाला तडा. मिस्त्रीने मान हलवली. दीर बाजूला उभा राहून सगळं बघत होता.  शेवटी तोच म्हणाला, "दुसरा गिअरबॉक्स कुठे मिळेल?" वहिनीने पदराने तोंड पुसलं. गिऱ्हाइकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

थोरला भंगारात गेला. मोडीतल्या एका गाडीचा गिअरबॉक्स आला, मध्ये नवं सील बसलं. आता मी बाहेरून कोरडी आहे, फरशी पांढरी आहे, गाडी वरच्या वस्तीला जाते. मिस्त्रीने वहिनीला शिकवलंय, म्हणून ती अधूनमधून स्वतः खाली वाकते आणि माझा बोल्ट उघडून तेल बघते. आधी माझं, मग त्या नव्याचं. मला हवं होतं ते सगळं मिळालं म्हणायला हरकत नाही.

आता तुम्हाला एकच सांगते. घरात जे ठिबकतं, कुरकुरतं, त्याच्याकडे बघायला सगळेच धावतात. जे कोरडं आणि गप्प असतं, त्याचंही झाकण एकदा उघडून बघा.

या नव्याचा मला हेवा वाटत नाही. तो कण्हला काय आणि हसला काय, मला काय त्याचं. सासूबाई मात्र अजून गाडीत बसल्या की शेजारणीला सांगतात, स्वतः उपाशी राहिला पण धाकटीला वाढलं त्याने. ऐकलं की माझं पित्त खवळतं. मेल्यावरसुद्धा मोठेपणा त्याचाच. एकदा परत ये म्हणावं, मग बघते त्याच्याकडे. एकदा ये तर खरा.