जपानी किल्ल्यावर जळणारा बुरूज

"ह्या म्हाताऱ्याच्या अंगावर बसलं की ड्रेसला समदी माती लागायलीय बघ," पिंकी कुरकुरली आणि उठून ड्रेस झटकू लागली.

मित्रांनो, तो म्हातारा म्हणजे मीच. मी एक जुना बुरूज आहे, बसवकल्याणच्या वाटेवरल्या एका गावच्या गढीचा. खाली काळा दगड, वर पांढरी माती. एके काळी माझ्यावर टेहळणीला माणसं बसत. लांब धूळ उठली की ती हाळी देत, वेशीचं दार लागे आणि गाव माझ्या भरवशावर निवांत झोपे. पुढे लढायाच राहिल्या नाहीत. लोकांनी माझी माती घरांच्या धाब्यावर टाकायला नेली, दगड गोठ्याला लावले. मग मोबाईल आले आणि सगळ्या गावात रेंज म्हणाल तर माझ्याच डोक्यावर! पुन्हा माणसं वर चढू लागली.

त्यातल्याच या दोघी. पिंकी गढीवाल्यांची, प्रियंका विहाराजवळच्या गल्लीतली. कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्या लढाईचा गेम करत होत्या. धान्य साठवायचं, किल्ला बांधायचा, फौज उभी करायची, शत्रू थोपवायचा. सगळं झालं होतं. कुठल्या काळातली, कुठल्या मुलखातली लढाई घ्यायची, तेवढं ठरत नव्हतं.

माझी छाती फुगली. बसल्यात कुणावर? माझ्यावर! आता मला सोडून कुठे जातील?

प्रियंकाने लॅपटॉपवर जपानी किल्ला काढला.

काय ते नटणं! मजल्यावर मजले, मुरडलेली छपरं, भोवती गुलाबी फुलं. आणि वर सगळं लाकूड, मित्रांनो! मी जळफळलो. रागाने कठड्यावरचं एक ढेकूळ लॅपटॉपवर सोडलं. प्रियंकाने फुंकर मारली, आणि तो मेला आणखीच चकाकला. दुसऱ्या दिवशी तिने रोमची छावणी काढली. मग वाळवंटातली गढी. शेवटी मला वाळूच्या ढिगाऱ्याचाही हेवा वाटू लागला.

एकदा पिंकीचा भाऊ व्यंकट वर आला. स्क्रीन बघून हसला. "जपानात तुमचा मामा ऱ्हातो का गं? हितं एवढा बुरूज असताना!"

मला हात असते तर पोराला पोटाशी धरलं असतं.

"मी कवाचं म्हणायलेय," पिंकी म्हणाली. "हीच ऐकंना."

"ह्याला रंगच न्हाई," प्रियंका म्हणाली. "स्क्रीनवर उठून दिसत न्हाई."

"काल म्हणलीस नकाशा न्हाई, आज रंग न्हाई! अगं, आमच्या खापरपणजोबानं बांधलेला हाय. मी गढीची सरदारीण होते, व्यंकटअण्णाला तोफा देऊ, आणि तू..."

पिंकी थांबली. "तू बी काहीतरी हो की."

व्यंकट फोन वर धरून रेंज शोधू लागला. रेंज भरपूर होती.

मी मात्र खुशीत होतो. आता माझं नाव निघणार! जुन्या वास्तू जपा, त्यांची माती नेऊ नका, असं तुम्हाला सांगायला मी घसा साफ केला होता.

"सांग की, कामून नको?" पिंकीने पुन्हा विचारलं. "ह्या म्हाताऱ्यावर राग हाय का तुझा?"

प्रियंकाने माझ्या मातीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत तसा कुणी फिरवला नव्हता.

"राग न्हाई गं. गेम सुरू झाला की आधी दगड वाहणारी माणसं लागत्यात. बोट दाबलं की वाहायला लागत्यात, ना मजुरी ना नाव. तुझ्या खापरपणजोबानं हुकूम दिला असंल, पिंके. दगड आमच्या माणसांनी वाह्यले, वेठीला धरून. जपानात मी राणी होते, सरदार होते, कुणी विचारत न्हाई. हितं मी कोण होणार, ते तुला ठाऊक हाय. म्हणून तर तू मघाशी थांबलीस."