पोरकं आमेन

थोरल्यानं न विचारता जुनं कटिंग मशीन विकून टाकलं, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पुस्तकबांधणीचा कारखाना एकच, टेबलं समोरासमोर, पण निरोप थोरल्याच्या बायकोमार्फत.

"वहिनी, त्याला सांगा, सरस संपलाय."

"त्याला सांग, मला डोळे आहेत."

डबा घेऊन येणारी ती बिचारी दोघांत टपाल होऊन बसली होती.

एक शब्द मात्र तीन वर्षांत चुकला नव्हता. दुपारी दोघं जेवायला एका टेबलावर बसले की थोरला पाव हातात धरून हिब्रूतली प्रार्थना म्हणायचा आणि धाकटा "आमेन" म्हणायचा. ज्यू घरातला नियम, त्यातून सुटका नव्हती. आमेन म्हणजे 'तू म्हणालास ते खरं, माझा त्यावर भरवसा आहे'. आपल्याच प्रार्थनेवर ते आपण म्हणायचं नसतं, पण दुसऱ्याची कानावर पडली तर म्हणावंच लागतं. आणि न ऐकता म्हटलं, तर ते पोरकं आमेन. वडिलांनी दोघांकडून हे घोकून घेतलं होतं.

एका दुपारी थोरला पाव हातात घेऊन मान खाली घालून पुटपुटला, "सुरी कुठे उलथली कोण जाणे."

"आमेन," धाकटा म्हणाला.

थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. अबोला एक वेळ ठीक, पण देवाधर्माची टिंगल? त्यानं वर पाहिलं. धाकटा निमूटपणे पाव मोडत होता. थोरला उठला, त्याच्या पाठीमागे गेला आणि खाडकन टाळी वाजवली. बायको दचकली. धाकटा चावत राहिला.

थोरला समोर येऊन बसला. "तुला ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली, दादा. ओठ बघून भागवतो."

"वहिनीला तरी सांगायचंस."

"तिनं तुलाच सांगितलं असतं." धाकट्यानं हातातला पाव खाली ठेवला. "माझी किती आमेनं पोरकी गेली?"

"आजचं एक," थोरल्यानं ठोकून दिलं.

दोन दिवसांनी तो त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"दोन वर्षं? आणि तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"परवा."

"वेगळे राहता का?"

"रोज एका टेबलावर जेवतो," थोरला म्हणाला. मग मान वळवून, धाकट्याला ओठ दिसतील असं, तेच पुन्हा म्हणाला.