बारा जोड धुतलेले पाय

आमच्या इंदापूरच्या चर्चच्या मंडळीत गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले तसे पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुवायचे. आणि हे बाराजण घरूनच पाय घासूनपुसून येतात! टाचांना दगड काय, वर अत्तर काय. अरे, धुतलेलेच पाय धुवायचे तर मला सकाळपासून पाणी कशाला ओढायला लावता?

यंदा वरकुट्याच्या कुशाबाईंनी आमच्या सेक्रेटरींना, सर्जेरावांना, विचारलं होतं, "एकदा मला बी बसवा की त्या बाराजणांत. फुडच्या वर्षी मी असंन, नसंन."

सर्जेरावांनी त्यांच्या टाचेवरची पट्टी पाहिली. "आज्जी, कार्यक्रम लाइव्ह जातुय. बारामतीवरनं कॅमेरेवाले बोलावल्यात. जखम बरी दिसंल का?"

मी भांडले. पंचकमिटीत भांडले, अंगणात भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी कुशाबाई शेवटच्या बाकावर बसल्या. स्टेजवर दिवे, फुलं, मखमली खुर्च्या. पाळकसाहेब प्रत्येक पायावर चार थेंब सोडायचे, टॉवेल टेकवायचे, की पुढे. अर्ध्यातच माझं डोकं फिरलं. त्यांच्यापुढची पाण्याची पितळी परात उचलली आणि तरातरा खाली निघाले.

"ताई, लाइव्ह चालू हाय!" सर्जेराव ओरडले.

"असू दे."

कुशाबाईंसमोर परात आदळली. "आजी, काढा चप्पल."

त्यांनी पाय मागे घेतले. माझ्या पायांकडे पाहिलं. दिवसभर नळावर ये-जा करून ते चिखलाने भरले होते.

"किती रागावलीस गं. बस हितं. आदी तुजं धुती."

"अहो, तुम्हाला बसायचं होतं ना?"

"व्हतं की. पर दमलीस तू."

मला बाकावर बसवून त्या कण्हत खाली बसल्या आणि माझ्या बोटांमधला चिखल काढू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमिटीला शिकवायला निघाले होते मी! हुंदका आवरेना. परातीतलं पाणी पहिल्यांदाच गढूळ झालं.

पाळकसाहेब खाली आले. त्यांनी कुशाबाईंना धरून बाकावर बसवलं, स्वतः फरशीवर बसले आणि हलक्या हाताने पट्टी सोडवायला घेतली.

"ताई," मान वर न करता ते म्हणाले, "स्वच्छ पाणी आणता का?"

सकाळपासून त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडणारी मी, ओल्या पायांनी नळाकडे पळत सुटले.