तिन न्वे असती तर

ओन मेने चमचा ओठांशी नेला आणि आईने तोंड फिरवलं. पेज हनुवटीवरून ओघळून चादरीवर सांडली. सकाळपासूनची ही तिसरी चादर.

“अळणी,” आई म्हणाली. “झोपेत रांधलीस की काय? तिन न्वे असती तर...”

झालं! ओन मेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली तिन न्वे मुंडण करून, गुलाबी वस्त्रं नेसून सगाईंगच्या टेकडीवरच्या मठात जाऊन बसली, आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आईचं सहा वर्षं हगणंमुतणं काढायला उरली धाकटी. घरात नसलेल्या माणसाचं कौतुक करायला काय जातं! गेल्या महिन्यात याच वाक्याला तिने वाटी भिंतीवर आपटली होती. आईने दोन दिवस अन्नाला शिवायचं नाव घेतलं नाही. पुन्हा असं झालं तर म्हातारी हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून तर आईला सांभाळण्यासाठी शेजारणीच्या हातापाया पडून ती दहा दिवस ध्यानकेंद्रात बसून आली होती. तिथल्या म्हाताऱ्या भिक्खूंचं, सयाडोंचं, सांगणं साधं होतं. मनात जे उठेल त्याचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. पेजेची वाटी हातात धरून थांबायला मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं.

तिने डोळे मिटले. इतकी थकली होती की मनातलं ओठांवर आलं.

“राग... राग... राग...”

“अगं, मनात म्हणायचं असतं ते,” आई म्हणाली. “मीही बसलेय ध्यानाला, पावसाळेच्या पावसाळे. सगळ्या गल्लीला कशाला ऐकवतेस?”

ओन मेला हसू येता येता राहिलं. तिने पुन्हा सुरुवात केली, मुकाट्याने. राग. घसा कोरडा. खांदा ठणकतोय. राग. मग रागही सरला आणि नुसता शीण उरला. बाहेरून मासळीवाली ओरडत गेली.

डोळे उघडले तेव्हा आई तिच्याकडेच बघत होती. भांडण झालं नाही, म्हणून गोंधळल्यासारखी.

“काय म्हणत होतीस, आई? तिन न्वे असती तर काय?”

आईचा धड असलेला हात चाचपडत तिच्या मनगटाशी आला.

“तर तुला जरा पडता आलं असतं गं,” ती म्हणाली, आणि तिने घासासाठी तोंड उघडलं.