मिठाच्या गोणीतले दगड

माणसाने दगड चाटावा? तोही मुंबईत संशोधन करणाऱ्या नातीने, भर दुपारी मागच्या पडवीत उकिडवं बसून? सोनाबाईला हे मुळीच पटलं नव्हतं. घरी आल्यापासून मृणाली धड जेवत नव्हती, बोललं की अंगावर येत होती, आणि आता एकेक तुकडा जिभेला लावून थुंकत होती.

“बाय गो, घरात भाकर हाय अजून,” सोनाबाई म्हणाली. “शेजारीण बघंल तर म्हनंल, म्हातारी नातीला धोंडे चारते.”

“खारट लागतायत, आजी.” मृणालीने सुजलेले डोळे वर केले. “सगळेच.”

दगड खाडीच्या तोंडावरच्या काळ्या भिंतीचे होते. कधीकाळी खडकाचा तापलेला रस जमिनीच्या भेगेतून वर आला नि तिथेच थिजला, तीच ही भिंत. मृणालीने तिचे तुकडे फोडून आणले आणि, मिठागरवाल्यांची पोर ती, हाताला लागलेल्या मिठाच्या रिकाम्या गोण्यांत भरून कोठीत ठेवले. या घरात मीठ म्हणजे घाण नव्हेच. मासळीचे हात, तांब्याची कळशी, पोरांची दृष्ट, सगळं मिठानेच निघायचं. तिला शंका आली नाही, सोनाबाईलाही नाही. पावसाळाभर कोठीतलं मीठ पाझरत राहिलं आणि दगडांच्या चिरांत शिरलं.

मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र काय करतं, ते तिने आजीला मागेच समजावलं होतं. दगडातलं स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य काढायचं. त्यातले जड कण नि हलके कण यंत्र सुपात पाखडल्यासारखे वेगळे करतं, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून दगड कुठून आला ते कळतं. तिच्या दगडांचा आकडा मोठा आला. म्हणजे रस वर येताना खोलवरचा जुनाट खडक खाऊन आला! तिच्या प्रबंधाच्या गाईडबाई हरखून गेल्या. पण समुद्राचा आकडाही मोठाच असतो, आणि मीठ समुद्राचं. आता हा आकडा दगडाचा की मिठाचा, कोण सांगणार?

“मंग दुसरे दगड आण.”

“कुठून? भिंत जेटीच्या नव्या रस्त्याखाली गाडली गेली. हे नमुने टाकले तर प्रबंधात उरतंच काय? मुदतही वाढवून मिळणार न्हाय.” मृणालीने तोंड ओंजळीत घातलं. “संपलं सगळं, आजी. फक्त... गोणीचं तुला नि मलाच माहीत हाय.”

हिच्यासाठी सोनाबाईने बघायला आलेले चांगल्या घरचे पाहुणे दारातून परत पाठवले होते. आपली नात डाक्टरीण व्हनार, हे सबंध बाजाराला ऐकवलं होतं.

“मंग गप ऱ्हा,” ती हळूच म्हणाली. “गोनी काय बोलायची न्हाय.”

तेवढ्यात फोन वाजला. मृणालीने तो पायरीवर ठेवून स्पीकर लावला.

“अगं, लेख पाठवतेय,” गाईडबाईंचा आवाज आला. “नमुने कशात ठेवले होतेस, तेवढं एक वाक्य हवंय. मला काळजी नाही म्हणा. तू मिठागरातली मुलगी, मीठ कुठवर शिरतं ते तुला काय सांगायचं!”

“प्लास्टिकच्या पिशव्यांत, मॅडम. कोरड्या.”

“शाबास!”

किती सरळ आवाजात बोलली पोर! असाच सरळ आवाज सोनाबाईने पूर्वी एकदा ऐकला होता. मागच्या हंगामाचं काळपट मीठ खाली, वर दोन मुठी पांढरं, आणि “नवंच हाय, मावशी” म्हणणारा तो व्यापारी. तिने भर बाजारात त्याची गोणी उपडी केली होती.

फोन बंद झाला. मृणालीने पुन्हा एक तुकडा उचलून जिभेला लावला, जणू एवढ्यात तो अळणी झाला असेल. सोनाबाईने तो तिच्या हातातून ओढून घेतला.

“गप ऱ्हा म्हनलं व्हतं मी, खोटं बोल म्हनलं न्हवतं! लाव फोन परत. डाक्टरीण न्हाय झालीस तरी मी बाजारात जाईन, बघू कोन हसतंय ते. पन माज्या आगरातलं मीठ तू जमिनीच्या पोटातलं म्हनून इकायचं न्हाय.”