येळवशीचा धूमकेतू

अजिनाथनं शिवारातल्या एकेकाच्या हातापाया पडून येळवशीचा जाळ थांबवून घेतला होता. या अमावस्येला ज्वारीच्या रानात जेवणं व्हायची आणि अंधार पडला की ज्यानं त्यानं कडब्याची पेंडी पेटवून आपल्या शेताला फेरी घालायची, हा अक्कलकोटकडचा रिवाज. पण आज त्याला पोरीला धूमकेतू दाखवायचा होता. दर साडेपाच वर्षांनी येणारा हा पाहुणा यंदा पृथ्वीच्या अगदी जवळून चालला होता, आणि त्याच्या पुढच्या खेपेपर्यंत पूनमचे डोळे टिकणार नाहीत, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चौदा वर्षांची पोर, नजर कडेकडेनं विझत चाललेली, आणि वेड कशाचं तर आभाळाचं. देवाला तरी काय म्हणावं!

शाळेच्या मॅडमकडून मागून आणलेली दुर्बीण अजिनाथनं आधी स्वतःच्या डोळ्यांना लावली. लगेच दिसला. पिंजलेल्या कापसासारखा धुरकट ठिपका. ज्याला काडीची हौस नाही त्याला पहिल्या झटक्यात दिसावा, याचाच त्याला संताप आला.

"दिसतोय का गं?"

"न्हाय, पप्पा."

तो तिची मान वळवी, दुर्बीण सरकवी, पुन्हा विचारी. उत्तर तेच. बांधाबांधावर माणसं पेंड्या घेऊन अंधारात ताटकळली होती. शेवटी त्याचा म्हातारा बाप मायाप्पा कुरकुरला, "अजिनाथा, पोरं पेंगाय लागली. किती येळ थांबायचं?"

"आबा, पाया पडतो तुमच्या. जरा थांबा की!" अजिनाथला हुंदका आवरला नाही.

पूनमनं तो ऐकला. दुर्बीण डोळ्यांना गच्च लावून ती म्हणाली, "दिसला! पप्पा, दिसला की! लई भारी हाय!"

अजिनाथ ढसाढसा रडला. मग पेंडी पेटवून "दिसला रं!" असं ओरडत बांधानं पळत सुटला. शिवारभर जाळ उठले, आरोळ्या उठल्या. फेरी पुरी करून तो मागल्या अंगानं आला आणि पूनमच्या उजवीकडे, दहाएक पावलांवर थांबला. हातात पेंडी भडकलेलीच होती.

पूनम मात्र समोर, लांबच्या कुणा परक्याच्या जाळाकडे बघून हात हलवत होती.

"पप्पा, तुमी दिसताव की मला! तितनं सुदा दिसताव!"

शेजारचा जाळ जिला दिसत नव्हता, तिला तो ठिपका कुठून दिसला असणार? पेंडी मुठीपर्यंत जळत आली, तरी अजिनाथच्यानं हाक मारवेना.